ऑईल घातलं की दोन दिवस गप्प, तिसऱ्या दिवशी पुन्हा कुईंकुईं: सायकलच्या चेनचं करायचं काय?

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हे सुरू झालं. धायरी ते शिवाजीनगर, जाऊन-येऊन रोजचे साधारण २५ किलोमीटर, आणि रविवारी पाऊस उघडला तर सिंहगडाचा पायथा. सोमवारी रात्री चेनला ऑईल घालायचो. मंगळवार-बुधवार सायकल लोण्यासारखी चालायची. गुरुवारी सकाळी पहिल्या सिग्नलला जोर देऊन पेडल मारलं की चिमणीची पिल्लं उठल्यासारखी चिवचिव सुरू. शेजारचा रिक्षावाला मान वाकडी करून मागच्या चाकाकडे बघायचा. रात्री परत ऑईल, परत दोन दिवस शांतता. असं पाच आठवडे चाललं, १०० मिलिलिटरची बाटली अर्धी संपली आणि आवाज होता तिथेच.

शेवटी कारणं सापडली ती तीन. त्यातली दोन मी स्वतःच्या हाताने घातली होती. रोज सायकल चालवणाऱ्या बऱ्याच जणांचं गाडं इथेच अडतं, म्हणून जे जसं सापडलं ते तसं लिहितो.

आधी आवाज कुणाचा ते ठरवा

चेनवर आळ घ्यायला आपल्याला फार आवडतं, कारण ती दिसते आणि बाटली हाताशी असते. पण आवाजाला ताल असतो, आणि तो ऐकला तर निम्मं काम होतं.

पेडल मारणं थांबवून नुसती सायकल वाहू द्या. मागची किरकिर ऐकू येते ती फ्रीव्हीलची, ती असणारच. चिवचिव मात्र तरीही चालू राहिली तर चेनचा संबंध नाही, कारण चेन त्या वेळी जवळजवळ स्थिर असते. ब्रेकचं रबर, डिस्क किंवा चाकाचं बेअरिंग तपासा. आवाज पेडलच्या प्रत्येक फेऱ्याला बरोबर एकदा, ठरावीक जागी येत असेल तर पेडल, क्रँक (पेडलचा दांडा) किंवा बॉटम ब्रॅकेट (क्रँक फ्रेममध्ये जिथे फिरतो ते बेअरिंग). सीटवरून उठून उभं राहून चालवलं की आवाज बंद होत असेल तर सीटपोस्ट, म्हणजे सीटखालचा दांडा. माझ्या एका मित्राने अशा आवाजापायी चेन बदलून घेतली होती. नंतर सीटपोस्ट काढून, पुसून, ग्रीस लावून परत बसवला. दहा मिनिटांचं काम.

दर दोन-तीन फेऱ्यांनी एकदा ‘टक्’ होत असेल तर एखादी कडी आखडली आहे. हा हिशेब सोपा आहे. माझ्या सायकलच्या पुढच्या चकतीला ३८ दात आणि चेनला ११४ कड्या, म्हणजे पेडलचे तीन फेरे झाले की चेनचा एक फेरा पूर्ण. तुमच्या सायकलचे दात आणि कड्या एकदा मोजून ठेवा. आखडलेली कडी शोधायला पेडल हळूहळू उलटं फिरवा आणि मागच्या डिरेल्युरकडे, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या हाताकडे, बघत राहा. ती कडी छोट्या पुलीवरून जाताना डिरेल्युरचा हात उचकी लागल्यासारखा उडतो. तिथे एक थेंब ऑईल द्या आणि दोन्ही हातांनी चेन आडवी, म्हणजे डावी-उजवीकडे हलकेच वाकवा. बहुतेक वेळा सुटते.

आणि आवाज सलग, जोर दिला की वाढणारा, चढाला रडका असेल, तर मात्र चेन. माझा असाच होता. निदान मला तसं वाटलं.

ऑईल नेमकं कुठे जायला हवं

चेनचा फोटो डोळ्यांसमोर आणा. बाहेरच्या पट्ट्या, आतल्या पट्ट्या, त्यांना जोडणारी पिन आणि पिनेभोवती फिरणारा रोलर. चकतीच्या दातावर रोलर बसतो, पण खरं घासणं होतं ते आत, पिन आणि आतल्या पट्टीच्या मधल्या बारीकशा फटीत. पुढच्या चकतीवर चढताना कडी वाकते, उतरताना सरळ होते, मागे कॅसेटवर, म्हणजे मागच्या चाकाच्या दातेरी चकत्यांवर, पुन्हा तेच, आणि जोराने चढ मारताना हे सगळं तुमच्या पायाच्या पूर्ण ताकदीखाली. वंगण लागतं ते त्या फटीत. बाहेरच्या पट्ट्यांवर जे चकाकतं त्याचा उपयोग गंजापासून थोडंसं वाचवायला, आणि जास्त झालं तर धूळ धरायला. बस.

आता माझी पहिली चूक. संध्याकाळी भिजत घरी यायचो, नळीने सायकल धुवायचो, फडक्याने वरवर पुसायचो आणि लगेच ऑईल. दिसायला अगदी जबाबदार माणूस. पण त्या फटीत त्या वेळी पाणी बसलेलं असतं. पाण्याने भरलेल्या फटीत ऑईल शिरत नाही, ते रोलरवर आणि पट्ट्यांवर पसरून बसतं. दोन दिवस तेवढ्या वरवरच्या ऑईलवर चेन गप्प राहते. मग ते उडून जातं, पुसलं जातं, आणि आत होतं ते कोरडं लोखंड किंवा चक्क लालसर गंजाचं पाणी बोलू लागतं. दोन दिवसांचं गणित तिथलं.

दुसरी चूक यापेक्षा वाईट. जुनं ऑईल न पुसता त्यावर नवं. आमच्या भागात रस्ता कायम कुठे ना कुठे खणलेला असतो, आणि पावसात त्याची बारीक माती पुढच्या चाकावरून थेट चेनवर येते. ऑईल अधिक बारीक माती म्हणजे सहाणेवर उगाळलेल्या गंधासारखा एक काळा लेप. बोटावर घेऊन चोळून बघा, कचकच लागते. वरून नवं ऑईल घातलं की ते पातळ होतं आणि हाच लेप सोबत घेऊन आत उतरतं. मी चेनला वंगण देत नव्हतो, तिच्या आत दळणाचं जातं फिरवत होतो. कोपऱ्यावरच्या सायकलवाल्या काकांनी चेनला बोट लावलं, बोट माझ्याच टी-शर्टजवळ आणून दाखवलं आणि म्हणाले, “साहेब, तेल कमी पडत नाहीये. जास्त होतंय.”

बाबांच्या काळ्या सायकलीला वर्षातून दोनदा तेल मिळायचं, त्यातलं एक खंडेनवमीला, आणि ती तक्रार करत नव्हती. यावर आमच्या घरी मला अजून ऐकवतात. पण त्या सायकलची चेन पूर्ण बंद पत्र्याच्या कव्हरमध्ये होती, जाड होती आणि गिअर नसल्यामुळे कायम सरळ रेषेत धावायची. आपल्या, मागे आठ-नऊ-दहा गिअर असलेल्या सायकलींच्या चेन बारीक, उघड्या आणि बहुतेक वेळ तिरक्या धावतात. तुलना करायची तर कव्हर बसवून करा.

मी आता काय करतो

पावसाळ्यात घरी आल्यावर ऑईलची बाटली हातात घेत नाही. फडकं घेतो. जुना सुती बनियन यासाठी सर्वात चांगला. आईची जुनी सुती साडी मिळाली तर वर्षाची बेगमी. चेन फडक्यात मुठीत धरायची आणि दुसऱ्या हाताने पेडल उलटं फिरवायचं, पंधरा-वीस फेरे. फडक्याची जागा बदलत राहायचं. फिरत्या चकतीपासून बोटं लांब ठेवा, हे गंमत म्हणून सांगत नाही. मग सायकल पंख्याखाली किंवा निदान आडोशाला. ऑईल रात्री जेवणानंतर, चेन खरंच कोरडी झाल्यावर.

ऑईल घालताना चेनचा खालचा पदर, त्याची आतली म्हणजे वर तोंड केलेली बाजू. एका रोलरवर एक थेंब. क्विक लिंक (चेन उघडता येणारी जोडकडी) असेल तर तिथून सुरुवात करायची, म्हणजे कुठे संपवायचं ते कळतं. ११४ कड्यांना ११४ थेंब, सगळे मिळून चमचाभर ऑईल. दोन-तीन मिनिटं लागतात. एफएमवर एक गाणं होईपर्यंत. मग पेडल उलटं वीस-तीस वेळा फिरवायचं आणि तसंच सोडून झोपायचं. सकाळी निघण्यापूर्वी पुन्हा फडक्याने बाहेरून पुसायचं, जीव खाऊन पुसायचं. हात लावला तर बोटाला नुसता डाग पडेल इतपतच बाहेर राहायला हवं.

रात्रभर का ठेवायचं? दुकानात मिळणारी बरीच ल्यूब (चेनसाठीची खास वंगणं) पातळ असतात ती त्यातल्या द्रावकामुळे. द्रावक ऑईलला फटीत घेऊन जातं आणि मग उडून जातं. सकाळी ऑईल घालून लगेच निघालात तर ते पातळ मिश्रण पहिल्या दोन किलोमीटरमध्ये रिमवर, फ्रेमवर आणि पँटच्या उजव्या पायावर जातं. पँटचे डाग कशाने जातात ते मला अजून सापडलेलं नाही.

डिस्क ब्रेक असेल तर स्प्रे वापरू नका, थेंबच वापरा, आणि डिस्कच्या बाजूला वर्तमानपत्राचा कागद धरा. ऑगस्टमध्ये मी वैतागून स्प्रे मारला होता. फवारा मागच्या डिस्कवर गेला. एक कुईं घालवायला गेलो आणि दुसरी, दहापट मोठी, विकत घेतली. शिवाय ब्रेक लागेनासा झाला. डिस्क स्पिरिटने पुसली, पण पॅड ऑईल पिऊन बसले होते. ते बदलावे लागले.

पूर्ण धुणं मी महिन्या-दीड महिन्यातून एकदा करतो. क्विक लिंक काढून चेन मिनरल वॉटरच्या रिकाम्या बाटलीत टाकायची, चेन बुडेल इतकं टर्पेंटाईन ओतायचं, झाकण लावून ताक घुसळल्यासारखं हलवायचं. रंगाच्या दुकानात टर्पेंटाईन सहज मिळतं. पहिलं पाणी कॉफीसारखं येतं, दुसरं चहासारखं, तिसरं बरं. मग भांड्यांच्या साबणाने, स्वच्छ पाण्याने, आणि दोरीवर टांगून उन्हात. ऊन नसेल तर दोन दिवस लागले तरी चालतील, पण ओली चेन परत चढवायची नाही. पेट्रोल वापरू नका. बाल्कनीत, गॅस शेगडीपासून चार पावलांवर पेट्रोलची बाटली हलवणारी माणसं मी पाहिली आहेत. गंज काढायला काही जण संडास धुण्याचं ॲसिड वापरतात, तेही नको: चेन चकाचक दिसते, पण ॲसिडमुळे पट्ट्या ठिसूळ होऊन चढावर तडकू शकतात. इतकी गंजलेली चेन टाकून द्यावी.

साधी, बिनगिअरची सायकल असेल तर क्विक लिंकच्या जागी क्लिपवाली कडी असते. क्लिप परत बसवताना तिचं बंद टोक चेन ज्या दिशेला पळते त्या दिशेला हवं. उलटी बसवलीत तर कुठे अडकून निसटेल.

अगदी नवी चेन मात्र धुवू नका. कारखान्यातून येताना तिच्यात जे चिकट ग्रीस भरलेलं असतं ते नेमकं आत, हव्या त्या जागी असतं. बाहेरचं फक्त पुसून घ्या.

कुठलं ऑईल, हा न संपणारा वाद

पावसाळ्यात वेट ल्यूब. ते घट्ट असतं, पाण्याने लवकर वाहून जात नाही. दिवाळीनंतर रस्ते कोरडे आणि धूळ उडायला लागली की तेच वेट ल्यूब धुळीला आवतण देतं. तेव्हा ड्राय ल्यूब. ड्राय म्हणजे बाटलीत कोरडं नव्हे, उडून गेल्यावर मागे मेणासारखा पातळ थर राहतो म्हणून ड्राय. एका पावसात ते धुऊन जातं, त्यामुळे वळवाच्या सरीनंतर पुन्हा घालावं लागतं. माझा अनुभव असा की कोरड्या दिवसांत दर दीड-दोनशे किलोमीटरनंतर थेंब पुरतात, आणि पावसात किलोमीटर मोजण्यात अर्थ नाही, प्रत्येक धो-धो भिजण्यानंतर द्यावेच लागतात.

दुकानात खास ल्यूब महाग वाटलं तर काय? मोटरसायकलवाले चेनला ९० नंबरचं गिअर ऑईल वापरतात. पावसाळ्यात सायकललाही ते चालतं, फक्त थेंबाने घालायचं आणि नेहमीपेक्षा दुप्पट पुसायचं. शिलाई मशीनचं तेल फारच पातळ. दोन दिवसांत गायब. गॅरेजमधलं काळं, वापरलेलं इंजिन ऑईल फुकट मिळतं, पण त्यात इंजिनातला कचरा तरंगत असतो. फुकटात कचकच घेण्यासारखं ते. आणि खोबरेल. कोकणातल्या एका नातेवाइकांनी मोठ्या विश्वासाने सुचवलं होतं. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं. डिसेंबरात सकाळी सहाला सिंहगड रोडवर काय होतं ते बाथरूममधल्या बाटलीला विचारा.

डब्ल्यूडी-४० बद्दल दोन वाक्यं, कारण प्रत्येक घरात तो निळा-पिवळा डबा असतो. नावातलं डब्ल्यूडी हे पाणी हटवण्यासाठीच्या इंग्रजी शब्दांवरून आलं आहे आणि ४० म्हणजे चाळीसावा प्रयोग. म्हणजे मूळ डब्यातलं मिश्रण पाणी हटवायला, गंजलेला नट सोडवायला उत्तम. भिजलेल्या चेनवर मारून पाणी बाहेर काढा, पुसा, वाळू द्या. पण त्यानंतर खरं ऑईल घालायलाच हवं. नुसत्या त्या फवाऱ्यावर महिनाभर रोज सायकल चालवायची ही अपेक्षा चुकीची.

मेणाचं प्रकरण वेगळं आहे. चेन पूर्ण निर्मळ करून वितळलेल्या पॅराफिनमध्ये बुडवतात. चेन स्वच्छ राहते, हात काळे होत नाहीत, कोरड्या दिवसांत आवाज नाही. ब्रेव्हे, म्हणजे ठरावीक वेळेत पूर्ण करायच्या लांब पल्ल्याच्या राईड, करणारे एक-दोन मित्र त्याशिवाय बोलत नाहीत. मी केलं नाही. रोज पावसात भिजणाऱ्याला दर वेळी मेण वितळवत बसायला घरच्या ओट्यावर परवानगीही मिळायला हवी.

तिसरं कारण, जे मी शेवटी बघितलं

ऑगस्टच्या अखेरीस चेन निर्मळ, कोरडी, रात्रभर ऑईल प्यायलेली. आणि चौथ्या दिवशी पुन्हा बारीकशी कुईं. पण या वेळी तिचा स्वभाव बदलला होता. सायकल स्टँडवर लावून, काहीही जोर न देता पेडल उलटं फिरवलं तरी यायची. कोरडी चेन सहसा जोराखाली रडते. बिनजोराने, हवेत फिरतानाही रडणारं कुणी दुसरंच असतं.

ते होतं डिरेल्युरमधलं खालचं छोटं दातेरी चाक. जॉकी व्हील म्हणतात. माझ्यासारख्या मध्यम किमतीच्या सायकलीत त्यात बॉल बेअरिंग नसतं, नुसतं धातूचं बुश असतं, आणि पाणी-माती त्यात बिनदिक्कत जाते. खात्री करायला एक थेंब फक्त त्या चाकाच्या मध्याशी दिला, चेनला हात लावला नाही. आवाज तत्काळ बंद. आणि उलगडा झाला: पाच आठवडे मी चेनला ऑईल देत होतो, त्यातलं थोडं ओघळून या चाकात जात होतं, म्हणून दोन दिवस दोघेही गप्प बसायचे.

कायमचं करायचं तर एक-एक चाक उघडा. माझ्या सायकलला ३ मिलिमीटरची ॲलन की लागली. दोन्ही चाकं एकदम काढू नका: वरचं आणि खालचं वेगळं असू शकतं, आणि फिरण्याच्या दिशेचा बाणही असतो. बुश बाहेर काढून पुसा, बोटावर तांदळाएवढं ग्रीस घेऊन आत लावा, परत बसवा, बोल्ट आवळा पण जीव काढू नका. चाक बोटाने मोकळं फिरलं पाहिजे. त्यानंतर आजपर्यंत ती चिमणी परतलेली नाही.

फूटपट्टी

या सगळ्या घोळात चेनचं वय किती झालं ते बघायचं राहून गेलं होतं. चेन ‘ताणली’ म्हणतात, पण पट्ट्या ताणत नाहीत. आतल्या पिना आणि भोकं झिजतात, प्रत्येक कडीत केसभर सैलपणा येतो आणि एकूण लांबी वाढते. दोन लगतच्या पिनांमधलं अंतर बरोबर अर्धा इंच असतं, सगळ्या सायकलींना. त्यामुळे झीज मोजायचा चेकर नसला तरी शाळेची स्टीलची पट्टी पुरते. पेडलवर हलका दाब देऊन चेन ताठ ठेवा, शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा, तिथून पुढची चोविसावी पीन १२ इंचांवर आली पाहिजे. दीड मिलिमीटर पुढे गेली म्हणजे अर्धा टक्का झीज. ११-१२ गिअरवाल्यांनी इथेच बदलावी. आठ-नऊ-दहावाल्यांनी सव्वादोन मिलिमीटरपर्यंत थांबायला हरकत नाही. तीन मिलिमीटर म्हणजे एक टक्का. तोवर कॅसेटचे दातही तिच्या मापाने झिजलेले असतात, आणि मग नवी चेन जुन्या दातांवरून उड्या मारते. चढावर उभं राहून पेडल मारताना ती उडी फार लागते.

माझी तीन मिलिमीटर भरली. २,१०० किलोमीटरमध्ये. ती चेन, आणि तिच्यासोबत कॅसेटही बदलावी लागली, चेनपेक्षा कितीतरी महाग. त्यानंतरची चेन ३,४०० किलोमीटर चालली आहे आणि पट्टीवर अजून एक मिलिमीटरच्या आत आहे. रस्ता तोच, पाऊस तोच, ऑईलची कंपनीही तीच.

बाटलीतलं ते काळं टर्पेंटाईन गटारात ओतू नका. झाकण लावून आठवडाभर कोपऱ्यात उभं ठेवा, गाळ खाली बसतो, वरचं निवळलेलं दुसऱ्या बाटलीत काढून पुढच्या वेळी पहिल्या धुण्याला वापरता येतं. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. आमच्याकडे ती आठवडाभर पिण्याच्या पाण्याच्या बाटल्यांशेजारी उभी होती.